नंदूने दिलेली टेस्ट टेप

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून सरळ इथेच लिहितोय.

आपल्यापैकी बरेच जण जुन्या कॅसेट डेकचा स्पीड माझ्याकडून लावून घेतात. त्यासाठी टेस्ट टेप लागते. तिच्यावर एक ठरावीक सूर असतो, तो बरोबर लागेपर्यंत मोटरचा स्क्रू फिरवायचा. माझी टेप दोन वर्षांपूर्वी आपल्याच ग्रुपमधल्या नंदूने दिली होती. "ओरिजिनल आहे, जपून वापर," म्हणाला होता.

आज सकाळी मी मागवलेली नवी टेप आली. नंदूच्या टेपवरूनच स्पीड लावलेल्या माझ्या डेकवर सहज लावली, तर सूर चक्क खाली! म्हणजे मी लावून दिलेला प्रत्येक डेक हळू चालतोय.

नंदूला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, ओरिजिनल झिजली असती ना. माझ्या डेकवर कॉपी करून दिली तुला. दोन वर्षांत काही बिघडलं का?"

बिघडलं. त्याच्या डेकचा स्पीडच चुकलेला, म्हणून कॉपीवरचा सूरही चुकला. विश्रांतवाडीच्या सुमनकाकूंकडे काकांच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. काका आता नाहीत. मी स्पीड लावून दिलेल्या डेकवर ती ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "अहो, हे इतकं जड नव्हते बोलत."

मी ऐकवलं, "काकू, मशीन चुकत नाही. माणूस विसरतो."

परवा भेटल्या, तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, "तुमचंच खरं. मीच विसरले त्यांचा आवाज."

उद्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातोय. स्पीड पाच मिनिटांत लागेल. पण दार उघडल्यावर काकूंना पहिलं वाक्य काय बोलू?