हार्लनच्या आठ आत्या

मिनेसोटातल्या आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात युनिक्सवर चालणारे आठ संगणक होते आणि ते सांभाळणारा हार्लन टोर्विक हा एकच माणूस होता. मी वरच्या मजल्यावर नकाशे सांभाळायचे. माझा दिवस कागदांशी आणि दगडांशी जायचा, तरी हार्लनपुढे मी बडबडी ठरायचे.

मशीनना नावं द्यायची या संगणकवाल्या लोकांत रीतच आहे. कुणी माशांची देतं, कुणी ग्रहांची. हार्लनने आपल्या आठ आत्यांची दिली: बोर्गहिल्ड, थोरा, इंगा, अशी थेट गुड्रुनपर्यंत. त्यामुळे सकाळी सकाळी "थोराचं डोकं फिरलंय", "इंगाचं पोट भरलंय, कुणीतरी काहीतरी पुसा" असं कानावर यायचं आणि नवे विद्यार्थी दचकायचे.

आत्यांत रुसवेफुगवे नकोत म्हणून त्याने कुणालाच थोरली केलं नव्हतं. थोराला लागणाऱ्या फायली बोर्गहिल्डच्या डिस्कवर, इंगाला लागणाऱ्या थोराच्या, असं करत करत बोर्गहिल्डला लागणाऱ्या गुड्रुनच्या. सुरू होताना प्रत्येकीने आधी आपल्या शेजारणीला हाक मारायची आणि ती 'ओ' देईपर्यंत थांबायचं. एखादी झोपली तरी बाकीच्या जाग्या असत, म्हणून कधी कुणाचं अडलं नाही.

हार्लन स्वतःही असाच. इथे मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. आपल्याकडे नको नको म्हणत पानात पडू देतात त्यातलाच प्रकार, पण इथे मोजून. ताटलीतल्या शेवटच्या वडीला तर कुणी हातच लावत नाही. ती आधी अर्धी होते, मग पाव, मग इतकीशी की मुंगीलाही संकोच वाटावा.

त्या वर्षी विभागप्रमुख म्हणून लॉरेन मार्चेटी आल्या, न्यू जर्सीच्या. तिकडे जो हात पुढे करत नाही तो उपाशी राहतो. हार्लनची नोकरी हंगामी होती, दरवर्षी नव्याने मिळायची. बाईंनी खटपट करून त्या कामासाठी कायमची जागा मंजूर करून आणली आणि त्याला विचारलं, हवी का? हार्लन म्हणाला, छे, माझ्यापेक्षा चांगला कुणीतरी मिळेल. बाईंनी मान डोलावली आणि जाहिरात काढली. वर ती लावायला त्याच्याच हातात दिली. या पठ्ठ्याने ती आपल्याच खोलीच्या दारावर लावली आणि तिरकी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली.

नवा माणूस आला की हार्लन घरी बसणार, हे उघड होतं. मी त्याला झापलं. म्हटलं, जा आणि सरळ सांग.

"विचारतील की पुन्हा," तो म्हणाला.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी तो आपली पुस्तकं खोक्यात भरत होता. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

शुक्रवारी एका खारीने गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जीव दिला. वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. आठही आत्या प्रथमच एकदम जाग्या झाल्या. थोराच्या पडद्यावर आलं, 'बोर्गहिल्ड उत्तर देत नाही, वाट पाहत आहे.' इंगाच्या पडद्यावर, 'थोरा उत्तर देत नाही.' सगळीकडे तेच. कॉफी संपली तरी तेच.

मार्चेटीबाई खाली आल्या. हार्लनने फळ्यावर आठ आत्यांचं वर्तुळ काढलं आणि चूक आपलीच आहे असं सांगितलं.

"म्हणजे सगळ्या दारात उभ्या, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत?" बाई म्हणाल्या. "मग आत कोण जाणार?"

"कुणीच नाही," हार्लन म्हणाला, आणि त्या वर्तुळाकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले.

मग तो बोर्गहिल्डसमोर बसला. तिला अर्धवट जागं केलं आणि गुड्रुनसाठी थांबायची ओळ खोडली. "माफ कर, आत्या," असं पुटपुटलेलं मी ऐकलं. बोर्गहिल्ड कुणाचीही वाट न पाहता सुरू झाली. तिने 'ओ' दिल्यावर थोरा उठली, मग इंगा, मग एकामागून एक सगळ्या.

हार्लन तसाच कॉफीच्या टेबलाकडे गेला. ताटलीत लिंबाची शेवटची वडी होती, अजून कुणी न कापलेली. ती त्याने आमच्यादेखत अख्खी तोंडात टाकली. इथे राहून माझे केस पांढरे झाले, पण हे दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. घास गिळून तो बाईंकडे वळला.

"ती नोकरी मला हवी आहे."

"अरे, मी विचारलं होतं तुला. तू नाही म्हणालास."

"तुम्ही एकदाच विचारलंत."

बाईंनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी तीन बोटं वर केली. त्यांना कळायला जरा वेळ लागला, मग त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. वर जाऊन अर्जाचा कागद घेऊन आल्या, त्याच्यापुढे ठेवला आणि आपलं पेन पुढे केलं.

"नको, राहू दे," हार्लन म्हणाला. "माझं असेल कुठेतरी."

बाईंनी हात मागे घेतला नाही. "घे."

"तुम्हाला लागेल."

"हार्लन, पेन घे."

तेव्हा त्याने ते घेतलं. निवृत्त होईपर्यंत तो त्याच पेनाने सह्या करत होता.