रिकाम्या थिएटरात तिसरी घंटा

मी तेवीस वर्षं हायस्कूलला फिजिक्स शिकवतेय. भुताखेताची गोष्ट कुणी काढली की तिथल्या तिथे त्याची फिरकी घेणारी बाई मी. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही हुबळीत, केशवापूरला राहतो. माझे वडील, अप्पा, वय एक्क्याऐंशी. इथल्या जुन्या थिएटरात तरुणपणी ते संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे, छोट्या भूमिकांत गायचेही. सांगली-मिरजेकडच्या कंपन्या तिथं महिना-महिना मुक्काम टाकायच्या, आणि कानडी मंडळीही पदांना हक्कानं वन्समोअर द्यायची! पुढे तिथं सिनेमा आला, मग मिरचीचं गोदाम, आता नुसतं कुलूप. इमारत पाडणार असं कळल्यावर तिचा इतिहास इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहायचं मी ठरवलं आणि अप्पांना घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आलेला. डॉक्टरांनी गाणं सक्त बंद केलं होतं.

सकाळचे अकरा. वॉचमननं कुलूप काढलं आणि तो बाहेरच बसला. आत खुर्च्या नाहीत, पडदा नाही, पत्र्याच्या भोकांतून ऊन. विंगेत पितळी घंटा मात्र तशीच होती. मी मजेत वाजवली — एक, दोन, तीन.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, तिसरी दिलीस? तिसरी झाली की नांदी व्हायलाच पाहिजे. लोक बसलेत!"

"कुठले लोक, अप्पा? काहीतरीच तुमचं!"

...आणि लाकडी खुर्च्या करकरल्या. एक-दोन नाही, शेकडो. कुणी खाकरलं, बांगड्या वाजल्या, मग एकदम चिडीचूप. समोर रिकामी फरशी मला स्वच्छ दिसत होती हो!

अप्पांनी चपला काढल्या, स्टेजला नमस्कार केला आणि नांदी म्हटली. आवाज खणखणीत, तिशीतल्या माणसाचा. संपताच टाळ्या — आणि "वन्समोअर!" अप्पा पुन्हा गायले. पुन्हा "वन्समोअर!" तिसऱ्यांदा त्यांचा हात छातीवर गेला, ओठ काळेनिळे पडले, तरी गातच होते.

"अप्पा, साकु! पुरे!" मी कानडीत, मराठीत ओरडले. ऐकलं नाही. शेवटी त्यांचं तोंड हातानं दाबलं — स्वतःच्या बापाचं — आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. मागे टाळ्या चालूच होत्या.

"अक्का, कोण गात होतं आत?" वॉचमननं विचारलं. टाळ्या त्यानं ऐकल्याच नव्हत्या.

अप्पा वाचले. उन्हानं पत्रा वाजतो, कबुतरं फडफडतात, आवाज घुमतो — सगळं स्वतःला समजावून झालं. पण पत्रा वन्समोअर म्हणत नाही.

आता रोज अकरा वाजले की अप्पा कोट घालून दारात उभे राहतात. "चल ना गं, लोक ताटकळलेत." मी दाराला आतून कुलूप लावते. काल माझ्यापुढे हात जोडून रडले. म्हणाले, "एकदाच. तसा आवाज मला घरी लागत नाही गं."

भुतांची भीती आता राहिली नाही. भीती एवढीच, की एक दिवस मला त्यांचं रडणं बघवणार नाही आणि मीच त्यांना तिथं घेऊन जाईन.