बिब्ब्याचे ठिपके

पंचावन्न सालच्या आसपास चिंचवडच्या एसटी थांब्यावर तो शेजारी बसला होता. रहाटणीकडचा शेतकरी. विळ्याने मनगट कापून पंजा बधिर झालेला, आणि तळव्यावर बिब्ब्याचे चार काळे ठिपके. अमावस्येला औत जुंपायचं नसतं, म्हणून त्या दिवशी तो हातावर टिचक्या मारत बसे. मुंग्या येतील तिथे ठिपका.

"म्हयन्याला येवढ्या फुडं सरकत्यात बगा," बोटाचं पेर दाखवत तो म्हणाला.

मुंग्या येतात तिथवर तुटलेला मज्जातंतू वाढलेला असतो. तो कसा वाढतो, हेच मी पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं बेडकांवर शोधत होतो. माझ्या वहीत असा एकही खात्रीचा ठिपका नव्हता. त्या हाताचा मला मत्सर वाटला.

"आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघतो," मी ऐटीत सांगितलं.

"व्हय? मंग बेडूक सांगतो का सायेब, मुंग्या आल्या म्हणून?"