‘किती?’ विचारणारे सर

“किती?” हा त्यांचा पहिला शब्द. नमस्कार नाही, या-बसा नाही. मी पुरणपोळी घेऊन वर गेले तरी दारातच विचारायचे, “जायफळ किती?”

“चिमूटभर.”

“मग चालेल. दोन अख्खी घातली असतीत, तर रात्रभर भुतं दिसली असती.”

बंगाल्यांच्या या शहरात, बालीगंजच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर, मी खालच्या. दोघंही एकटी. माझे यजमान खिदिरपूरच्या गोदीत होते, ते गेले. मुलगा पुण्याला. सर मराठीच, पण जन्माने इथलेच, लग्न केलं नाही. कॉलेजात विषांचं शास्त्र शिकवायचे. मी चौथी शिकलेली बाई. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे, आणि त्यांना तेच आवडे.

“वहिनी, विष म्हणजे काही वेगळी वस्तू नाही. मीठही विष, पाणीही विष. प्रश्न एकच. किती?”

बाजारात फार हिरवे परवर दिसले की ओल्या रुमालाने पुसायचे आणि हिरवा झालेला रुमाल भाजीवाल्यापुढे धरायचे. पुढे पुढे आम्हाला लांबून पाहूनच टोपल्यांवर गोणपाट पडू लागलं. मला भाजी मिळेना, त्याचं त्यांना काही नाही.

एका थंडीत माझे गुडघे धरले, वर सर्दी.

“गोळ्या किती घेतल्या?”

“दुखण्याच्या सात-आठ. सर्दीच्या चार.”

“रोज?”

“मग काय वर्षाला?”

त्यांनी दोन्ही पाकिटं चष्म्याजवळ धरली. “नावं दोन, औषध एकच. चपला घाला.”

टॅक्सीत मी कुरकुरले, “मला काही होत नाहीये.”

“लिव्हरचं तेच वाईट. अंगातलं विष निस्तरायचं काम त्याचं, आणि ते बोंब मारत नाही. मारतं तेव्हा उशीर झालेला असतो.”

मला तीन दिवस सलाईन लावलं. वाचले. ते रोज येऊन खुर्चीवर बसत आणि नर्सला विचारत, “किती?”

गेल्या वर्षी त्यांचं जेवण सुटलं. मी नेलेला वरण-भात तसाच परत येई. एकदा म्हणाले, “वहिनी, भात पिवळा का?”

“हळद नाही घातली हो. डोळे तपासून घ्या.”

ते हसले. मी खाली आले.

दोन दिवसांनी ते जिन्यात पडले. डॉक्टर म्हणाले, हृदयाची गोळी रोज एकच घ्यायची होती. घेतल्याचं विसरून हे पुन्हा घेत राहिले. ती अंगात साठली की अन्न जात नाही आणि सगळं पिवळं दिसतं. हेच त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. तेही विसरले.

घरी परत आले नाहीत.

सगळ्यांना विचारायचे. त्यांना विचारू शकेल अशी इमारतीत एक मीच होते. गोळ्यांचं पाकीट तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असायचं. ताटाला जागा व्हावी म्हणून मी ते रोज उचलून बाजूला ठेवायचे.