खरी कमाईवाले जगदाळे सर

जगदाळे सर हात मिळवायचे तो डावा. पहिल्या दिवशी शाळेच्या गेटवर त्यांनी माझ्या सोहमपुढं डावा हात केला आन् माझं डोकंच फिरलं, म्हटलं हे कसले मास्तर, पोरांना काय वळण लावणार. तर सोहमच म्हणतो, आई, स्काऊटात असंच असतंय. सर हसले, म्हणाले, "ताई, माझ्यावर रागवा, पण पोराला पाठवा." गळ्यात स्काऊटचा स्कार्फ, तो उन्हाळ्यातबी काढायचे नाहीत. गंगापूरहून एसटीनं यायचे, तरी पोरांच्या आधी मैदानावर उभे.

वर्षभर त्यांचं काही ना काही चालूच. पावसाळ्यात झाडं लावली, तर ज्यानं लावलं त्यानंच पाणी घालायचं, शिपायाला सांगायचं नाय. पंधरा ऑगस्टला संचलन. थंडीत शिबिर, तंबूत झोपायचं म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर नाय, विंचू निघंल, साप निघंल. सारखा फोन केला तर सर म्हणाले, "सोहम चूल पेटवतोय, धुरानं डोळे गळायलेत त्याचे. तुम्ही नका रडू." गाठ चुकली तरी ओरडायचे नाहीत, म्हणायचे, "सोड, परत मार. दोरीला राग येत नाय." तिथून आल्यावर सोहमनं माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून नव्यानं बांधली, अजून ढिली झाली नाय.

मग आली खरी कमाई. स्काऊटात तसा एक दिवस असतो, पोरांनी अंगमेहनतीनं स्वतः कमवायचं. आमच्या शाळेत काय व्हायचं, आयांनी घरून भेळ, सँडविच करून द्यायचं, पोरांनी स्टॉलवर मांडायचं, बापांनी येऊन विकत घ्यायचं. सर म्हणाले, "आईनं रांधलं, बापानं खाल्लं, ह्यात पोराची कमाई कुठंय?" त्यांनी गेटजवळ पोतं अंथरलं, पॉलिशच्या डब्या मांडल्या, पाण्याच्या बादल्या भरल्या. आधी स्वतः बसले, शिपायाचे बूट पुसले, मग ब्रश पोरांकडं दिला. पोरांनी बूट चमकवले, स्कुटरी धुतल्या, लई खूश.

तेवढ्यात पुंडलिकनगरचे एक साहेब कारमधून उतरले, आपलं पोरगं दुसऱ्याच्या बुटाला ब्रश मारतंय बघून लालबुंद. दुसऱ्याच दिवशी पालकांची मीटिंग. साहेब म्हणाले, ह्या स्काऊटमास्तरला काढा, आम्ही फी भरतो ती पोरांना असली कामं शिकवायला का. सगळ्यांनी माना डोलावल्या. असली कामं! मी सातवी शिकलेली, तिथं कधी तोंड उघडलं नव्हतं, तरी उभी राहिले आन् एका दमात बोलले, "माझा नवरा गारखेड्यात वॉशिंग सेंटरवर दिवसभर गाड्याच धुतो, साहेब. तुमची कारबी तोच धुतो. त्याच्यावरच आम्ही सोहमची फी भरतो."

मोठ्या मॅडम, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, ताई, बसा, विषय तो नाहीये. मग काय होता विषय?

मग मॅडमनी सरांना विचारलं, माफी मागता का. सर उठले. "काम करायला लावलं म्हणून माफी मागितली, तर उद्या पोरांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?" एवढंच बोलून खाली बसले. महिनाभरात त्यांना कमी केलं. कारण काय, तर पालकांची नाराजी. मीबी पालकच हाय की, माझी नाराजी कुणी धरली?

यंदा परत भेळ. मॅडमचा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, मातांनी खरी कमाईसाठी रुचकर पदार्थ पाठवावेत. मी एकेक अक्षर शोधून दाबलं, जगदाळे सरांना परत बोलवा, माझ्याकडून भेळ येणार नाय. पाठवलं आन् मग मनात आलं, सोहम त्याच शाळेत हाय, त्याला काही बोलले तर? थोड्या वेळानं बघते तर माझा मेसेज गायब, आन् आता ग्रुपवर फक्त मॅडमच लिहू शकतात.

म्हणून इथं, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं.