डेडस्टॉक नंबर नसलेलं सॉफ्टवेअर

सुवर्णाची दाखल्यांची स्कॅन केलेली फाइल साडेतीन एमबीची होती आणि साइट पाचशे केबीच्या वर काही घेत नव्हती. सव्वाचार वाजले होते. नर्सिंगचा फॉर्म पाचला बंद होणार होता.

मी कराडची. कॉलेजं, सोसायट्या यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करते. त्या दिवशी उंब्रजजवळच्या एका कॉलेजात प्रिंटर बघायला गेले होते. फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमधूनच भरायचा होता, आणि ते लॉगिन ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं.

"मागच्या वर्षीबी हितंच अडकलं, मॅडम," सुवर्णा म्हणाली. ती माण तालुक्यातली, धनगराची पोर. "साइट घेत न्हाई म्हणून सांगितलं. वर्षभर मेंढरामागं हिंडले."

फाइल मोठी म्हणून एका मुलीचं वर्ष गेलं होतं. मला संताप आला. फाइल लहान करणं हे दोन मिनिटांचं काम. पण त्या कॉम्प्युटरवर तसं सॉफ्टवेअर नव्हतं, नेटवरच्या तसल्या साइट ब्लॉक होत्या आणि नवीन काही install करायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो प्राचार्यांकडे. प्राचार्य साताऱ्याला मीटिंगला आणि त्यांचा फोन बंद.

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात माझी पोर्टेबल सॉफ्टवेअर असतात. पोर्टेबल म्हणजे install करावं न लागणारं. सगळं एका फोल्डरमध्ये असतं. पेनड्राइव्ह लावायचा, डबल क्लिक करायचं, काम झालं की काढून घ्यायचा. पासवर्ड लागत नाही.

"थांबा!" हेडक्लार्क भाऊसाहेब खुर्चीतून उठले. तोवर ते कुठल्याच कामासाठी उठले नव्हते. "ज्या वस्तूला डेडस्टॉक नंबर न्हाई, ती मशीनला लावायची न्हाई."

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे ऑफिसातल्या टेबल-खुर्च्यांची यादी. भाऊसाहेबांनी व्हायरसची शंका काढली असती तर मी हात जोडले असते. पण व्हायरस त्यांच्या गावीही नव्हता.

"मग द्या नंबर," मी म्हणाले.

रजिस्टर निघालं. त्यात रकाने तीन: लाकडी, लोखंडी, इतर. भाऊसाहेबांनी पेनड्राइव्ह नखाने वाजवून पाहिला.

"टोक लोखंडी हाय."

"मग लोखंडीत लिहा. पण लिहा!"

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आली आणि बारीक ब्रश आला. कपाटांवर घालतात तसा १८७ नंबर घातला गेला. साडेचार वाजून गेले होते.

"आता रंग वाळू द्या."

"आवं भाऊसाहेब, वाळंस्तवर माझं हे वर्षबी जाईल की!" सुवर्णा ओरडली.

मी त्यांच्या हातातून पेनड्राइव्ह ओढून घेतला. बोटं पांढरी झाली. लावला, डबल क्लिक केलं, फाइल चारशे केबीवर आली. पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. सुवर्णाने पावती छापून घेतली आणि ती हातात धरून तिथेच रडली. मीही डोळे पुसले, त्यामुळे रंग गालालाही लागला.

निघताना पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकू लागले, तर भाऊसाहेबांनी हात पुढे केला.

"आता ती संस्थेची मालमत्ता हाय."

पेनड्राइव्ह कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली.

सुवर्णाला सांगलीला प्रवेश मिळाला. काही दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. आणखी एका मुलीची फाइल मोठी होती, शेवटचा दिवस होता, प्राचार्य साताऱ्याला होते.

"आणि पेनड्राइव्ह?"

"कपाटात सुरक्षित हाय, मॅडम. पण सायबांना इचारल्याबिगर किल्ली काढता येत न्हाई."

मी दुसरा पेनड्राइव्ह घेऊन गेले. पोचल्या पोचल्या भाऊसाहेबांना म्हटलं, लय दमले, जरा चहा सांगून या. ते परत यायच्या आत फॉर्म गेलेला होता. त्या मशीनवर काम करायचं तर कुठलाच पासवर्ड लागत नाही. भाऊसाहेबांना पाच मिनिटं बाहेर पाठवलं की पुरतं.