शोकेसमधले आजोबा

ज्याने प्रत्येक जिवाला देहाचे घर बांधून दिले आणि त्या घराला पापणीसारखे दारही दिले, त्या कारागिराला आधी हात जोडतो आणि मग काचेची घरे करणाऱ्या एका माणसाची हकीकत सांगतो.

दुकानांसाठी शोकेस बनवणे हा या गृहस्थांचा व्यवसाय. सगळी गल्ली त्यांना भिंगरी म्हणे. चहा अर्धा झाला की उठत, घास तोंडात असताना खिडकीची कडी घट्ट करत, बोलता बोलता दुसऱ्याच्या टेबलाचा हलता पाय ठाकठीक करून येत. "यांना झोपेतसुद्धा कुठेतरी जायचं असतं," असे त्यांची बायको म्हणे.

एकुलती एक लेक नर्स. ती मधली काही वर्षे हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिली होती. का, ते भिंगरींनी विचारले नाही; विचारायचे तर बसावे लागले असते. गेल्या महिन्यात ती परत आली आणि सोबत एक प्राणी घेऊन आली: हातभर लांब, मातकट रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला सरडा. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. ती त्याला आजोबा म्हणे.

"बाबा, आजोबा इथे रुळले तर मी राहीन," तिने उंबऱ्यातच सांगितले. "नाहीतर ती खोली मी अजून सोडलेली नाही. पहिल्या तारखेला घरमालकिणीला कळवायचंय."

आजोबा माशांच्या रिकाम्या टाकीतून आले होते. ते पाहून भिंगरींच्या अंगाची लाही लाही झाली. "शोकेसवाल्याच्या घरात पाहुणा, आणि तो माशाच्या टाकीत? माझं नाक कापशील तू!"

"टाकी लहान पडते म्हणूनच सांगतेय, बाबा. लांबी हवी. एका टोकाला दिव्याचं ऊन, दुसऱ्या टोकाला गारवा. त्याला पाहिजे तसं इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. आणि थोडं आडोशाला—"

पण आडोसा हा शब्द उच्चारला गेला तेव्हा भिंगरी टेप घेऊन खालच्या कारखान्याच्या दारात पोहोचलेही होते.

काय देखणे काम केले! चार फूट लांब, दोन फूट रुंद, हवेला जाळी, दिवा नेमक्या उंचीवर, उन्हाला पसरायला सपाट दगड. तीन बाजूंना निर्मळ काच. आणि मागे, धंद्याच्या रिवाजाप्रमाणे, आरसा. शोकेसला आरसा लावला की दोन अंगठ्यांच्या चार दिसतात. आजोबाही दोन दिसू लागले. शेजारी बघायला आले, वाहवा झाली.

आणि आजोबांची दाढी काळी पडली.

ती फुगली, काळीकुट्ट झाली. ते काचेवर उभे राहून नखे ओढू लागले. या टोकाकडून त्या टोकाकडे, त्या टोकाकडून या टोकाकडे. हिरव्या पानांना तोंड लावीनात, नाकतोड्याकडे पाहीनात. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज ऐकून भिंगरींची दुप्पट भिंगरी झाली. दिवा वर घे, दिवा खाली घे, दगड फिरव, पुन्हा फिरव. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "प्राणी ठणठणीत आहे. घर बघा."

"घराला काय झालंय? राजवाडा दिलाय त्याला!" भिंगरी घरी येऊन कडाडले.

"राजवाडा नाही हो," बायको म्हणाली, "चौक दिलाय. चारी बाजूंनी रहदारी."

"बाबा, तो घाबरलाय," लेक एवढेच बोलली आणि ड्युटीवर गेली. महिन्याचा शेवटचा दिवस होता तो.

दुपारी भिंगरींनी आजोबांना बायकोच्या खांद्यावर बसवले आणि नखांचे ओरखडे पुसायला वरचे झाकण काढून डोके आत घातले. आयुष्यभर त्यांनी शोकेस गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिली होती. अंगठीने कधी तक्रार केली नव्हती. आज आतून पाहिले, तर समोर एक घामेजलेला दांडगा चेहरा डोळे वटारून त्यांच्याकडेच पाहत होता. तोंड फिरवावे तर काच, त्यापलीकडे बायकोची साडी हलतेय, दाराशी कुणी डोकावतेय. अंग चोरायला बोटभर जागा नाही. अरे देवा, हा बिचारा दिवसभर त्या आरशातल्या परक्या दाढीवाल्याशी झुंजत होता!

ते डोके बाहेर काढणार, तोच काचेतून त्यांना लेकीची खोली दिसली. तिचीही भिंत काचेची. त्यांनीच बसवलेली, हौसेने, ती कॉलेजात असताना. त्या काचेवर लेक रोज चादर टांगे, आणि गबाळे दिसते म्हणून भिंगरी रोज ती काढून घडी घालून ठेवत. आजही घडी खुर्चीवर होती.

त्यांनी डोके बाहेर काढले. खाकी कागद आणला, आरसा झाकला, दोन्ही कडांच्या काचा झाकल्या, गार कोपऱ्यात लाकडाची पोकळ ढोली ठेवली. मग ते जाऊन लेकीच्या काचेवर चादर टांगू लागले. ती तिरकी झाली, पुन्हा टांगली, पुन्हा तिरकी.

लेक आली तेव्हा आजोबा दगडावर पोट टेकून पसरले होते. दाढी वाळल्या गवतासारखी पिवळसर. तिने पान पुढे केले. आजोबांनी ते विचार करून चावले. ती हसली, आणि मग तिची नजर चादरीवर गेली.

"ही कुणी लावली?"

"मी," भिंगरी म्हणाले. "कागदाचं हे तात्पुरतं आहे. उद्या लाकडाचं करतो त्याला, काच फक्त पुढे. सरकती दारं, म्हणजे हात वरून घारीसारखा येणार नाही. आणि..." ते घुटमळले. "तुला कशी हवी, ते मी कधी विचारलंच नाही गं. भिंत."

लेकीने बापाच्या कानावरची पेन्सिल काढून काचेवर, आपल्या डोक्याच्या वर एक रेघ ओढली. "इथपर्यंत लाकूड. वरची काच राहू दे, सकाळचा उजेड मला आवडतो. आणि कडी आतून."

"आतून," भिंगरी म्हणाले.

"आधी आजोबांचं करा. मी घरमालकिणीला फोन करते, खोली सोडतेय म्हणून."

तिचा नंबर लागेपर्यंत भिंगरी जिना उतरले होते. "अहो, उद्या करा ना!" बायको ओरडली. खालून करवत सुरू झाली होती.